सरस्वतीबाईंचे दागिने आणि आपला पहिला सिनेमा



आम्ही चंदनसारच्या बचत गटवाल्या. आज आम्ही सिनेमावर बोलणार आहोत, पण जरा वेगळ्या अंगाने. आपल्या देशातला पहिला मोठा कथापट एका नवरा-बायकोने कर्ज काढून, दागिने मोडून, घरादाराची फॅक्टरी करून कसा तयार केला, त्याची ही हकिगत आहे. कर्ज, तारण, हप्ता आणि बुडण्याची भीती या गोष्टी आपल्याला काही नव्या नाहीत. म्हणून वाटलं, ही हकिगत आपल्या बैठकीत बसून ऐकण्यासारखी आहे.

तुमच्यातल्या काही जणींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी सिनेमा टीव्हीवर पाहिला असेल. परेश मोकाशी यांनी तो २००९ साली केला. नंदू माधव त्यात दादासाहेब फाळके झाले आहेत आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. त्या वर्षी भारताने ऑस्करच्या स्पर्धेसाठी हाच सिनेमा पाठवला होता. सिनेमा हसतखेळत पुढे जातो. आपणही हसतो. पण हसून झाल्यावर एक प्रश्न मनात राहतो. दादासाहेबांचं नाव शाळेतल्या पोराला सुद्धा माहीत आहे. मग त्यांच्या शेजारी उभी असलेली ती बाई कोण होती आणि तिने नेमकं काय काय केलं?

माणूस धडपड्या, धंदा बसत नाही

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी शिकले, छपाई शिकले, जादूचे प्रयोगसुद्धा शिकले. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल दोन्ही गेली.

१९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. मुलगी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली, वयाने नवऱ्यापेक्षा बरीच लहान. लग्नानंतर तिचं नाव सरस्वती झालं. पुढे सगळा कारखाना त्यांना ‘काकी’ म्हणायचा.

फाळके पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले. फोटो काढायचे, नकाशे-चित्रं काढायची. पक्की सरकारी नोकरी होती. पण १९०५ च्या सुमाराला स्वदेशीची लाट आली, तेव्हा त्यांनी ती सोडली आणि छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं कामही त्यांनी केलं होतं. रंगीत छपाईतलं नवं तंत्र शिकायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना चांगला चालला होता. मग भागीदारांशी बिनसलं आणि फाळके त्यातून बाहेर पडले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, या माणसाचं बूड काही स्थिर नाही. खरंच आहे. पक्की नोकरी सोडली, चालता धंदा सोडला. वय चाळिशीचं, पदरात लहान मुलं. सरस्वतीबाईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रोजचं पीठ-मीठ कुठून येणार, हा प्रश्न त्यांनाच सोडवायचा होता.

तंबूत पाहिलेलं चित्र

चित्र हलतं, हे मुंबईकरांनी त्याआधीच पाहिलं होतं. ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचे छोटे चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईतली एक कुस्ती कॅमेऱ्यात पकडली. मे १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांच्या मंडळींचा ‘पुंडलिक’ लागला. ते रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्याने टिपलेलं होतं. पण मोठी गोष्ट घ्यायची, ती सिनेमासाठी म्हणून रचायची, आपली माणसं, आपली यंत्रं, आपला कारखाना उभा करायचा, असं अजून कोणी केलं नव्हतं.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला. दुसऱ्यांदा पाहायला गेले तेव्हा सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, अयोध्या, गोकुळ उभं राहत होतं. पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी स्वतःच ही आठवण लिहिली आहे. आपल्याकडच्या गोष्टी आपल्या माणसांनी अशाच पडद्यावर आणायच्या, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

मग वेड लागलं म्हणा हवं तर. रोज सिनेमे पाहायचे, घरी येऊन प्रयोग करायचे, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. सोयरेधायरे म्हणू लागले, याचं डोकं फिरलंय. घरातली चीजवस्तू विकली जात होती. कमावता माणूस अंथरुणाला, दार ठोठावणारे वाढलेले, अशा वेळी घर धरून ठेवणारी बाई एकटीच असते. आपल्यापैकी अनेकींनी ते दिवस काढले आहेत.

आपल्या वहीत हे कर्ज बसलं असतं का?

आपल्या गटात कोणी कर्जाला अर्ज केला की आपण चार प्रश्न विचारतो. कशासाठी हवं? हे काम तुला येतं का? तारण काय? आणि बुडालं तर फेडणार कशातून? चला, फाळक्यांना आपल्या सतरंजीवर बसवू आणि हेच विचारू.

कशासाठी? तर सिनेमा काढायला. या देशात अजून कोणी असा काढला नाही. येतं का? तर पुस्तकं वाचली आहेत, शिकायला विलायतेला जाणार आहे. तारण काय? तर विम्याच्या पॉलिसी. बुडालं तर? इथे आपल्या अध्यक्षबाईंनी वही मिटली असती!

फाळक्यांनी विमा गहाण ठेवला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे ओळखदेख कोणाची नाही. ‘बायोस्कोप’ नावाच्या सिनेमाविषयीच्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली, तशी सरळ आत शिरून संपादकांना भेटले. संपादक आधी म्हणाले, या फंदात पडू नका. पण माणसाची तळमळ पाहून त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके काम पाहून शिकले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फितीला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली. १ एप्रिल १९१२ ला ते परतले. फाळके फिल्म्स कंपनी सुरू झाली आणि बिऱ्हाड दादरला आलं.

आज दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रोड आहे. आपल्या वसई-विरारकडच्या कितीतरी बाया पहाटेच्या लोकलने फुलांची गाठोडी घेऊन दादरला उतरतात. फुलबाजार पश्चिमेला. पूल ओलांडून पूर्वेला गेलं की जवळच हा रस्ता. पहिल्या चित्रपटाचं काम याच भागात झालं.

यंत्रं तर आली, पण पुढच्या खर्चाला पैसा कुठे? सावकार म्हणाले, आधी काहीतरी करून दाखवा. तेव्हा फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. समोर कॅमेरा हलणार नाही असा बसवला आणि रोज थोडं थोडं चित्र घेतलं, महिनाभराहून जास्त. सगळं जोडून पडद्यावर दाखवलं, तर बघता बघता कोंब फुटला, रोप वर आलं, वेल झाला! ‘अंकुराची वाढ’ असं या छोट्याशा चित्रफितीचं नाव. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आदी मंडळींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली.

आम्हाला ही गोष्ट फार आवडते. एकदम मोठा माल काढून बाजारात बसू नये, आधी नमुना करून दाखवावा, हे आपण नव्या उद्योगवाल्या बाईला सांगतोच. मसाला असो, पापड असो, आधी पाव किलो करून चार घरी द्यायचा. फाळक्यांनी एक दाणा पेरला.

पण कर्ज पुरेसं नव्हतं. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

स्त्रीधन

हे वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो. पुस्तकांतही ते एका ओळीतच येतं. आपण इथे जरा थांबू.

त्या काळच्या बाईच्या नावावर काय असायचं? घर नाही, शेत नाही, बँकेचं खातं नाही. अंगावरचं सोनं हीच तिची एकमेव स्वतःची मिळकत. माहेरचं जे काही तिच्यासाठी आलं ते तेवढंच. नवरा गेला, घर फुटलं, दुष्काळ पडला तर तेवढाच आधार. म्हणून तर त्याला स्त्रीधन म्हणतात. आजचा कायदाही सांगतो की स्त्रीधन बाईचंच. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी ते ठेवून घेतलं तरी मालकी तिचीच राहते.

म्हणजे या सिनेमात दोघांची गुंतवणूक होती. फाळक्यांनी विमा टाकला, सरस्वतीबाईंनी सोनं टाकलं. आपण आजच्या भाषेत बोललो तर त्या भांडवलातल्या भागीदार ठरतात.

आणि सिनेमाची कथा कोणती होती बघा. राजा हरिश्चंद्राची! दिलेला शब्द पाळायचा म्हणून राजाने राज्य दिलं. दक्षिणा बाकी राहिली, ती फेडायला बायको-मुलाला काशीच्या बाजारात विकलं, शेवटी स्वतःलाही विकलं. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीत आपण राजाच्या सत्याला हात जोडतो. तारामतीला कोणी विचारलं होतं का, हे विचारायचं आपल्या डोक्यात येत नाही. देणं नवऱ्याचं आणि विकली गेली बायको.

सरस्वतीबाई आणि तारामती यांत एक मोठा फरक आहे. सरस्वतीबाईंना कोणी विकलं नाही, त्यांचे दागिने कोणी हिसकावलेही नाहीत. त्यांनी ते चित्र स्वतः पाहिलं होतं, प्रयोग डोळ्यांसमोर चालले होते, कुंडीतला वाटाणा त्यांच्याच घरात उगवला होता. त्यांना माहीत होतं पैसा कशात चाललाय. माहिती असून दिलेला होकार आणि गुपचूप कपाटातून उचललेली पाटली, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आम्हाला तर वाटतं, सगळ्या हकिगतीत लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच.

रात्रीची पाळी काकींची

पैसा दिला आणि काम संपलं, असं झालं नाही. उलट काम तिथून सुरू झालं.

त्या वेळी कच्ची फिल्म कोरी यायची. कॅमेऱ्यात आणि दाखवायच्या यंत्रात ती दातऱ्यांवरून पुढे सरकावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत. हे काम अंधारातच करायचं, कारण उजेड लागला की फिल्म वाया. दिवसा घरात मुलं, माणसांची ये-जा. म्हणून हे काम रात्री, मुलं झोपल्यावर. सरस्वतीबाई ते यंत्र चालवायला शिकल्या.

जरा हिशोब मांडून बघू. एका फूट फिल्ममध्ये सोळा चित्रं बसतात. प्रत्येक चित्राला एका कडेला चार, दुसऱ्या कडेला चार, अशी आठ भोकं. म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. गुणाकार केला तर साडेचार लाखांहून जास्त भोकं झाली, आणि तीही एकाच प्रतीची! यंत्राने पाडायची असली तरी फीत सरळ धरणारा हात हवाच. भोक तिरकं गेलं तर पडद्यावर चित्र नाचणार.

मग फिल्म धुवायची, म्हणजे रसायनात घालून चित्र उमटवायचं. त्याची रसायनं मोजून मिसळायची. पाणी किती, औषध किती, ऊन किती, वेळ किती. लोणच्याचं मीठ अंदाजाने टाकता येतं, इथे अंदाज चालत नाही. तेही काकी शिकल्या. दिवसा चित्रीकरण चाललं असताना उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, म्हणजे उजेड उलटून नटांच्या तोंडावर पडेल. त्या वेळी विजेचे दिवे लावून चित्रीकरण होत नव्हतं, सूर्य हाच दिवा. शिवाय सगळ्या कंपनीचा स्वयंपाक. साठ-सत्तर माणसांच्या पंगतीचं त्या बघत, असं त्यांच्याविषयी लिहिलं गेलंय. कपडेपट धुणं, मुलांचं दुखणंखुपणं हे तर वेगळंच.

आज सिनेमात प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो, शेवटी पाट्यांवर त्याचं नाव येतं. प्रयोगशाळा वेगळी, संकलन वेगळं, प्रकाशाचं खातं वेगळं, जेवणाचं कंत्राट वेगळं. काकींची नावं पाटीवर लिहायची तर चार-पाच वेळा लिहावी लागली असती.

बाई मिळेना

तारामतीचं काम करायला बाई हवी होती. फाळक्यांनी जाहिराती दिल्या. चांगल्या घरची बाई येणं तर शक्यच नव्हतं. नाटकातही तेव्हा पुरुषच लुगडं नेसून उभे राहायचे. फाळके नाचगाणं करणाऱ्या बायांच्या वस्तीतही जाऊन आले. त्यांनीसुद्धा नकार दिला. कॅमेऱ्यापुढे उभं राहिलं की आपली उरलीसुरली पतही जाईल, असं त्यांना वाटलं. सरस्वतीबाईंनाच विचारलं गेलं होतं, असंही सांगतात. त्या नाही म्हणाल्या, कारण त्या उभ्या राहिल्या तर बाकीचं काम करणार कोण!

शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक अंगाचा तरुण फाळक्यांना दिसला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. तो तारामती झाला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. राजपुत्र रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. कॅमेरा चालवायला त्र्यंबकचे मित्र तेलंग यांना त्यांनी शिकवून तयार केलं. मिशा काढायला नट तयार होईनात, कारण बाप गेल्यावरच मिशी काढायची, अशी रीत.

सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक तोंड फिरवायचे. म्हणून मंडळींना सांगून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ म्हणायचं. आज आपल्या भागातल्या गाळ्यांत कामाला जाणाऱ्या बाया ‘फॅक्टरीत जाते’ असं मान वर करून सांगतात. तेव्हाही फॅक्टरी या शब्दाला मान होता, सिनेमाला नव्हता.

वांगणीला बाहेरचं चित्रीकरण होतं. नटमंडळी राजे-सरदारांच्या वेशात ढाल-तलवारी घेऊन तिथे पोचली, तर गावाला वाटलं दरोडेखोर आले. पोलिसांनी सगळ्यांना बसवून ठेवलं, अशी गोष्ट सांगतात. तिथेच खेळताना भालचंद्र पडला आणि डोक्याला मार लागला. ज्या दिवशी पडला, त्याच सुमारास रोहिदासाच्या मरणाचा प्रसंग घ्यायचा होता. बेशुद्ध पोराला तसंच घेऊन बापाने तो प्रसंग चित्रित केला, असंही सांगितलं जातं. ऐकताना अंगावर काटा येतो. कामाची निष्ठा म्हणून लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. आम्हाला मात्र दादरला पंगतीचं बघत असलेली त्या पोराची आई आठवते.

तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो

सहा महिने सत्तावीस दिवसांत सिनेमा पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात सर्वांसाठी लागला. जोडीला नाच, नकला, कसरती असे खेळही ठेवले होते, कारण नुसता सिनेमा बघायला लोक येतील की नाही, याची खात्री कोणाला होती?

लोक आले. त्या काळी एक खेळ दोन-चार दिवस चालायचा. हा तेवीस दिवस चालला. बायका-मुलांसाठी अर्ध्या तिकिटात खास खेळही ठेवला गेला. जाहिरातीत म्हटलं होतं की सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र आणि दर फक्त तीन आणे! आपण आत्ताच हिशोब केला आहे. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. धंद्यात थोडी फुगवाफुगवी तेव्हाही चालत होती. फोटोंचा आकडा मात्र जवळपास बरोबर येतो.

मिळालेला पैसा पुन्हा धंद्यात गेला. कंपनी १९१३ मध्ये नाशिकला हलली. तिथल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पहिल्यांदा खऱ्या बाया कॅमेऱ्यापुढे आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमलाबाई मोहिनी. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन दुर्गाबाई लेकीला एकट्याने वाढवत होत्या. समाजाने नावं ठेवली, पण पोट भरायला त्यांनी कला धरली. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून गाजल्या. अभिनेते विक्रम गोखले त्यांचे नातू.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. कच्ची फिल्म परदेशातून येणारी, ती महागली. पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला. तरी १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला आणि तुफान चालला. त्यात राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंकेच! ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची छोटी लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पाच वर्षांपूर्वी ज्यांना बाई मिळत नव्हती, त्यांनी घरची मुलगी पडद्यावर आणली, आणि लोकांनी तिला पाहून हात जोडले.

पुढची वाट मात्र उताराची. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा बिनसलं, फाळके काशीला निघून गेले, काही काळाने परतले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मुक्या चित्रांचं जग संपलं. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. शेवटचे दिवस ओढगस्तीचे होते.

१९६९ पासून भारत सरकार सिनेमातला सगळ्यात मोठा पुरस्कार त्यांच्या नावाने देतं. ते योग्यच आहे.

चार नावं एकाच बाईची

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. आल्फ्रेड हिचकॉक नावाचे मोठे दिग्दर्शक अमेरिकेत होऊन गेले. १९६० मध्ये त्यांनी ‘सायको’ नावाचा सिनेमा केला. विषय इतका भयंकर की मोठ्या कंपनीने खर्च करायचं नाकारलं, तेव्हा त्यांनी स्वतःचा पैसा घातला. त्यांची बायको आल्मा रेव्हिल ही लग्नाआधीपासून सिनेमाच्या कामात मुरलेली. खुनाच्या प्रसंगानंतर मेलेली म्हणून दाखवलेली नटी क्षणभर हललेली दिसते, ही चूक बाकी सगळ्यांच्या नजरेतून सुटली आणि आल्माबाईंनी पकडली, असं सांगतात. या दोघांवरही २०१२ मध्ये एक सिनेमा निघाला.

१९७९ मध्ये हिचकॉक यांना जीवनगौरव पुरस्कार मिळाला. तेव्हा ते म्हणाले, मला फक्त चार माणसांचे आभार मानायचे आहेत. एक संकलक, एक पटकथा लिहिणारी, एक माझ्या मुलीची आई आणि एक उत्तम स्वयंपाक करणारी. चौघींचं नाव एकच आहे, आल्मा रेव्हिल.

मैत्रिणींनो, सरस्वतीबाईंचंही असंच आहे. भांडवल देणारी, फिल्म तयार करणारी, उजेड धरणारी आणि जेवू घालणारी. चौघींचं नाव एकच. फक्त भर सभेत ते कोणी घेतलं नाही.

आपल्यासाठी काय?

कोणी म्हणेल, संसारात काय माझं आणि तुझं? नवऱ्याचं नाव झालं म्हणजे बायकोचं झालंच की. सरस्वतीबाईंनाही कदाचित तसंच वाटलं असेल, आणि त्यांच्या वाटण्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण आमचं रोजचं काम वह्यांचं आहे. वहीत जे लिहिलेलं नसतं त्याला पुढे कोणी मान देत नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. बाईच्या नावावर कर्ज निघतं, नवऱ्याचा टेम्पो येतो, हप्ते ती धुणीभांडी करून भरते आणि टेम्पोच्या कागदावर तिचं नाव नसतं. दुकानात दिवसभर ती बसते, आणि कोणी विचारलं तर म्हणते, मी काही करत नाही, घरीच असते.

जोखीम घेऊ नका, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. सरस्वतीबाईंनी जोखीम घेतली नसती तर आपला पहिला सिनेमा तेव्हा झाला नसता. पण त्यांनी डोळे उघडे ठेवून ती घेतली, तशी घ्या. पैसा कशाला चाललाय ते आधी स्वतः बघा. नमुना करून दाखवायला सांगा. दागिना मोडायचा असेल तर वजन, पावती, तारीख लिहून ठेवा. धंद्याच्या कागदावर, परवान्यावर, खात्यावर आपलं नाव लावून घ्या. आणि जे काम करता ते शिकून घ्या, जसं काकींनी अंधारात बसून शिकून घेतलं. सोनं एकदा दिलं की जातं. शिकलेलं काम आपल्यापाशी राहतं.

जमलं तर गटाच्या पुढच्या बैठकीनंतर सगळ्या जणी मिळून ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ बघा. घरच्या पुरुषांना आणि पोरांनाही बसवा. तुमच्या गावात, तुमच्या घरात अशी कोणी काकी असेल, जिच्या कष्टावर दुसऱ्याचं नाव झालं, तर तिचं नाव, तिने दिलेलं आणि तिने केलेलं, सगळं एका कागदावर लिहून काढा. आणि ते तिला मोठ्याने वाचून दाखवा.

येतो आम्ही. पुन्हा भेटू पुढच्या गप्पांमध्ये. नमस्कार.